जागा सांगणारी ओळ

यंदा तेंदूचा हंगाम जरा लवकरच लागला. एप्रिल पुरता सरला नव्हता, तोच आलापल्लीच्या रस्त्यावर सकाळी सकाळी बायका दिसायला लागल्या. डोक्यावर जुन्या लुगड्यात बांधलेली पानांची ओझी आणि चालीत घाई, कारण ऊन तापायच्या आत घर गाठायचं असतं. दुपारभर ओसरीत बसून पानांचे पुडे बांधायचे आणि दिवस कलला की फळीवर न्यायचे. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान. तिथे पुडे मोजून घेतात आणि जमिनीवर रांगेने मांडून वाळवतात. काही दिवसांत त्या रानाचा रंग बदलतो, हिरव्याचा तपकिरी होतो, आणि वारा फिरला की तो वास गावात शिरतो.

वाळत्या तेंदूपानाचा वास मला कधी कुणाला नीट सांगता आलेला नाही. तुरट असतो. थोडा चहाच्या कोरड्या पत्तीसारखा, थोडा नव्या चपलेसारखा. ज्याचा सगळा जन्म अहेरीत गेला त्याला तो वेगळा जाणवूही नये. मला जाणवतो. तो आला की माझ्या कानात यूपीएस टीं-टीं करायला लागतो आणि डोळ्यांपुढे काळ्या पडद्यावरची एक पांढरी ओळ येऊन थांबते. मे महिना मला इतकी वर्षं असा येत आला आहे. बायकोला वाटतं, मला ऊन सोसत नाही. ती कैरीचं पन्हं करून ठेवते. मी पितो.

मी फार बोलणारा माणूस नाही. स्टाफरूममध्ये सगळे तावातावाने भांडत असले तरी मी कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसलेला असतो. लोक याला साधेपणा म्हणतात. गप्प राहण्याचा एक फायदा असतो, माणूस खोटं बोलला हे कुणाच्या लक्षात येत नाही. मीही बरीच वर्षं तो फायदा घेतला.

दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. आमच्या कॉलेजात बारावीनंतरचा एक वर्षाचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा नवाच सुरू झाला होता. टिनाच्या छपराच्या दोन खोल्या. एकीत फळा आणि बाकं, दुसरीत मशीन. मोठ्या पाठीचे ते मॉनिटर, त्यांवर पिवळ्या कापडाची झाकणं, आणि खिडकीत पाण्याचा कूलर. सगळ्या कॉलेजात कूलर तेवढाच, त्यामुळे मे महिन्यात मराठीच्या, इतिहासाच्या प्राध्यापकांनाही अचानक कॉम्प्युटरची गोडी लागायची. "जरा बघू द्या हो तुमचं काय चाललंय," म्हणत खुर्ची कूलरपुढे ओढायचे आणि डोळे मिटायचे. वीज जायची. व्होल्टेज पडायचं. पडदा आधी थरथरायचा, मग आक्रसायचा. मुलं एकदम "ओ ओ ओ" करायची आणि ज्याने फाइल सेव्ह केली नसेल तो डोक्याला हात लावायचा.

मशीनवर लिनक्स होतं. आवडीने घेतलं होतं असं नाही, फुकट होतं म्हणून. मला मात्र ते मनापासून आवडायला लागलं होतं. रूटचा पासवर्ड, म्हणजे सगळ्या मशीनची किल्ली म्हणा, नागपूरच्या पुरवठादाराकडे होता. आमच्या संस्थेच्या सचिवांनी तो माझ्या हाती द्यायला साफ नकार दिला होता. त्याआधी कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस येऊन ऑफिसचा कॉम्प्युटर बसला होता, तेव्हापासून त्यांचा हुकूमच होता : बाहेरचं काहीही मशीनवर टाकायचं नाही. अभ्यासक्रमात मात्र पडद्यावर आलेख काढायचे प्रोग्रॅम होते आणि त्यासाठी लागणारी लायब्ररी पुरवठादाराने दिलीच नव्हती. मी सचिवांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "पाहून घ्या ना तुमी. एवढं शिकले कायले?"

मी पाहून घेतलं. चंद्रपूरला एका मासिकाबरोबर सीडी मिळाली होती, तिच्यात तशी एक लायब्ररी होती. ती उतरवून घेतली. पण किल्ली हाती नसल्यामुळे जिथे सगळ्या लायब्रऱ्या ठेवतात तिथे ती ठेवता येईना. मग मी ती माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली.

लायब्ररी म्हटलं की पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढे येतात, म्हणून थोडं सांगतो. प्रोग्रॅम सगळं काम स्वतः करत नसतो. रेघ काढणं, रंग भरणं अशी जी कामं सगळ्यांनाच लागतात ती एका वेगळ्या फाइलीत करून ठेवलेली असतात, आणि ज्याला लागेल तो प्रोग्रॅम चालताना तिथून घेतो. आता ती फाइल कुठे आहे हे त्याला कसं कळावं? तो ठरलेल्या दोन-तीन जागी जातो. तिथे मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर म्हणतो, अशी फाइलच नाही, आणि बसतो. ती शेजारच्या फोल्डरमध्ये असली तरी तो मान वळवून बघत नाही. फाइल आडजागी ठेवली असेल तर आधी एक ओळ लिहून त्याला सांगावं लागतं की बाबा, तिथेही बघ. त्या ओळीचं नाव एलडी लायब्ररी पाथ. आम्ही वर्गात तिला जागा सांगायची ओळ म्हणायचो.

हे शिकवताना मी अहेरीचा आठवडी बाजार घेतला होता. मिरचीवाल्या एका बाजूला, बांगड्यावाले दुसऱ्या, सुकी मासोळी विकणाऱ्या बाया पार टोकाला. माझ्या वर्गातल्या वनिताची आई त्या बायांतच बसायची. मी म्हटलं, "समजा वनिताची आई आज तिच्या जागेवर बसलीच नाही. तिकडे एसटी स्टँडमागे बसली. तर काय होईल?"

मागून एक मुलगा म्हणाला, "काय होते सर? लोकं म्हणतीन, मावशी आज आलीच नाई."

"बरोबर. मावशी आहे, मासोळी आहे, गिऱ्हाईकही आहे. पण..."

"तसं नाई होत सर," वनिता उभीच राहिली. "माही माय कुठीबी बसली तरी गिऱ्हाईक येते. वासानं येते!"

वर्ग हसून हसून लोटपोट झाला. मीही हसलो. म्हटलं, "प्रोग्रॅमला नाक नसतं बाई. त्याला सांगावंच लागतं."

वनिता प्राणहितेच्या काठच्या एका ढिवर घरातली. बाप नदीवरच गेला होता, पुरात. भाऊ जाळं टाकायचा, आई बाजार करायची. ती बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा भावाने तिला एक वर्ष दिलं होतं. एक साल शीक, काही झालं तर झालं, नाहीतर लग्न. चंद्रपूरच्या एका खासगी दवाखान्यात रोग्यांची नोंद करायला कॉम्प्युटर येणारी मुलगी हवी होती. डॉक्टरांनी वनिताला पाहून ठेवलं होतं. निकाल घेऊन ये आणि कामाला लाग, असं तिला सांगितलं होतं. राहायला तिथेच खोली. हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, मलाही होतं. तिचा अख्खा पुढचा रस्ता त्या एका निकालावर होता.

मे लागला तशी ती सकाळची तेंदूला जाऊन दुपारी कॉलेजात यायची. बोटांची टोकं काळपट झालेली असायची. कीबोर्डला हात लावायच्या आधी ती ती टोकं ओढणीला पुसायची. डाग जायचे नाहीत, पण पुसायची. तिच्याबरोबर तो वास खोलीत यायचा. तिने स्वतःच्या मनाने एक आलेख केला होता. नदीत कोणत्या महिन्यात कोणती मासोळी किती लागते, त्याचे उभे खांब. पावसाळ्याचा खांब पडद्याच्या बाहेर जायचा, म्हणून तिने सगळे खांब लहान केले. मग म्हणाली, "सर, आता उन्हाळ्याचं दिसूनच नाई राह्यलं." पुष्कळ वेळ त्याच्याशी झटत होती. शेवटी जमलं तेव्हा तिने कुणालाच बोलावलं नाही. नुसती पडद्याकडे बघत बसली.

आता जे सांगायचं आहे ते असं की, मी जागा सांगायची ती ओळ दोनच ठिकाणी टाकली होती. एक माझ्या लॉगिनमध्ये, दुसरी मुलं रोज ज्याने मशीन उघडायची त्या लॉगिनमध्ये. मुलांना रोज टाइप करायचा त्रास नको म्हणून. कंपाइल करायची ओळ मी त्यांच्याकडून घोकून घेतली होती, तिच्यात माझ्या फोल्डरचं नाव होतं. पण चालवताना लागणारी दुसरी ओळ आपोआप लागायची, ती त्यांना कधी लिहावीच लागली नाही. एकदा बाजाराची गोष्ट सांगितली आणि मुलं हसली, तेवढ्यावर मी समाधानी होतो.

परीक्षेच्या आधी पुरवठादाराचा माणूस नागपूरहून आला. विद्यापीठाचा नियम होता, परीक्षेला प्रत्येकाला नवं, कोरं लॉगिन द्यायचं. तो दिवसभर ती लॉगिनं करत बसला होता. किल्ली त्याच्या हातात होती. मी त्याला चहा पाजला. त्याच्या मागे उभा होतो. एवढंच म्हणायचं होतं, भाऊ, माझ्या फोल्डरमधली ही लायब्ररी जरा योग्य जागी ठेव. पण मग ती कुठून आणली, हे त्याने विचारलं असतं. त्याने सचिवांना सांगितलं असतं. माझ्या नोकरीला अजून मान्यता मिळायची होती, तो कागद त्याच महिन्यात हलणार होता. मनात म्हटलं, नवी लॉगिनं असली तरी सकाळी सगळ्यांत ती ओळ मी गुपचूप टाकून देईन.

सकाळी खोलीला कुलूप होतं आणि किल्ली सचिवांच्या खिशात. परीक्षक आल्याशिवाय उघडायची नाही, असा त्यांचा नवा हुकूम.

परीक्षक नागपूरचे. भला माणूस होता, हे मुद्दाम सांगतो. त्या वर्षांत बाहेरचा कुणी परीक्षक अहेरीत मुक्काम करत नसे. जंगलातला रस्ता, जागोजागी तपासणी, वर्तमानपत्रात रोज नक्षलवाद्यांचं काहीतरी छापून येणारं. त्यामुळे आमच्याकडे रीतच पडून गेली होती : प्रॅक्टिकल काहीही झालं तरी चंद्रपूरच्या दुपारच्या बसच्या आत संपवायचं. परीक्षक आले की शिपाई आधी स्टँडवर जायचा आणि खिडकीची जागा धरायला रुमाल टाकून यायचा. मुलंसुद्धा घाईघाईत लिहायची. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाहुण्याला वेळेवर वाटेला लावलं म्हणजे परीक्षा चांगली झाली.

स्टीलच्या डब्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्या होत्या. मुलं एकेक करून काढत होती. नावांचा क्रम लावायचा, विद्यार्थ्यांची फाइल वाचायची, असलेच प्रश्न निघत होते, त्यांना आलेखाची लायब्ररी लागत नव्हती.  मला वाटायला लागलं, निभावलं. वनिताचा नंबर शेवटी होता. तिने चिठ्ठी उघडली आणि ती हसली. दिलेल्या आकड्यांचा स्तंभालेख काढा.

तिने लिहायला घेतलं. कूलर बंद होता, वीज कमी होती म्हणून. परीक्षकांनी बॅग मांडीवर घेतली होती आणि ते रुमालाने मान पुसत होते. सचिव दारात उभे, हातात नारळ आणि शाल. वनिताने कंपाइल केलं. एकही चूक नाही. तिने चालवलं.

काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली. लायब्ररी सापडत नाही. अशी फाइल नाही.

तिने पुन्हा चालवलं. पुन्हा तीच ओळ. मग तिने प्रोग्रॅम उघडून वरपासून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत. पुन्हा कंपाइल. पुन्हा तीच ओळ.

"सर, कालपर्यंत चालून राह्यलं होतं," ती परीक्षकांना म्हणाली.

"कालपर्यंत सगळ्यांचंच चालतं बेटा," ते म्हणाले. टोचून नाही, थकून.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "सर, ते जागा सांगाची ओळ... ते हाये ना इथी?"

"इंटर्नल परीक्षकाशी बोलायचं नाही," परीक्षक म्हणाले. "तुझं तू बघ." आणि मग खालच्या आवाजात मला विचारलं, "लायब्ररी आहे ना हो मशीनवर?"

"आहे," मी म्हणालो.

"बाकीच्यांचं चाललं?"

"सगळ्यांचं चाललं."

ही दोन्ही वाक्यं खरी होती. लायब्ररी मशीनवर होती. बाकीच्यांचं चाललं होतं. इतकं पक्कं खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो, आणि त्यानंतरही मला जमलेलं नाही. मला फक्त म्हणायचं होतं, सर, चूक माझी आहे, एक ओळ टाकू द्या. ओळ टाकायला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. सचिव दारात होते. मान्यतेचा कागद होता. परीक्षक प्रयोगशाळेचा अहवाल लिहिणार होते. हे सगळं मी तेव्हा मनात मांडलं असं म्हणू का? नाही मांडलं. तोंड आधी बोललं, कारणं मी नंतर गोळा केली. पुढे कितीतरी वर्षं ती गोळा करत राहिलो.

वनिता माझ्या तोंडाकडे बघत होती. मी 'आहे' म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. तोपर्यंत तिला मशीनची शंका होती. आता ती स्वतःवर आली. मी तिचा मास्तर. मी आहे म्हणतोय म्हणजे आहे. म्हणजे चुकलं ते आपलंच. ती पुन्हा प्रोग्रॅम वाचायला लागली आणि शिपाई दारातून म्हणाला, "साहेब, बस लागली."

ती त्या एका प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली. निकाल लागला त्याच्या पुढच्या बाजारात मी भाजी घ्यायला गेलो. मासोळीवाल्या बायांची ओळ टाळून जायचं ठरवलं होतं, पण वनिताच्या आईने लांबूनच हाक मारली.

"ओ सर! इकडं या जी."

मी गेलो.

"आमची पोट्टी काऊन नापास झाली जी? ते तं म्हणे, मले सारं येते."

"थोडी चूक झाली मावशी," मी म्हणालो. "होतं असं. पुढच्या वेळेला निघेल."

"पुढच्या वेळेपर्यंत कोन थांबते? भावानं एकच साल देल्लं तिले." मग जरा वेळाने म्हणाली, "ध्यान नसल देल्लं. टीवी-बिवी तं नाई आमच्या घरी. पन ध्यान कुठी जाते पोट्टीचं, कोन जाने."

आणि तिने सुकी मासोळी सागाच्या पानात बांधून माझ्या पिशवीत टाकली. मी नको नको म्हटलं. "घेऊन जा जी. तुमी मेहनत घेतली तिच्यावर." ती मासोळी मी घरी नेली. बायकोने वांग्यात टाकून केली. मी जेवलो. जेवलो, आणि चव लागली.

त्याच उन्हाळ्यात पुरवठादाराचा माणूस परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं. निकाल लागला होता, मान्यतेचा कागद हाती आला होता, भीती संपली होती. त्याने माझी फाइल योग्य जागी ठेवली, एलडीकॉन्फिग नावाची आज्ञा दिली, झालं. लायब्ररी कुठून आणली, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. पुढच्या बॅचच्या मुलांचे आलेख कुठल्याही लॉगिनवरून झरझर निघायला लागले. ती बॅच सगळी पास झाली आणि सचिवांनी माझा सत्कार केला. शाल मिळाली.

पुनर्परीक्षेचं केंद्र चंद्रपूरला होतं, धान कापणीच्या दिवसांत. वनिताने परीक्षेला बसावं म्हणून मी एका मुलाबरोबर निरोप धाडला. त्याने येऊन सांगितलं, तिचं जमलंय सर, आलापल्लीच्या पुढे दिली.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. आता आमच्याकडे मोठी इमारत आहे, एसी आहे, किल्ली माझ्याकडे आहे. पण ती ओळ अजून भेटते. गेल्या वर्षी नव्याने लागलेल्या एका मॅडम धावत आल्या, "सर, फाइल तिथेच आहे आणि मशीन म्हणतंय नाही!" मी जाऊन दुरुस्त केलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला कसं हो लगेच कळलं? मी म्हटलं, अनुभव. आणि हात धुवायला म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो.

मला वाटायचं, वनिता विसरली असेल. संसार असेल, मुलं असतील. एका प्रॅक्टिकलचं एवढं काय? विसरली असेल, हा विचार मला सोयीचा होता.

मे महिन्यात आम्हा प्राध्यापकांना आणखी एक काम असतं. गावोगाव जाऊन विद्यार्थी आणायचे. तुकडी भरली नाही तर नोकरीवर गदा, म्हणून मराठीचे, इतिहासाचे, सगळे जण मोटारसायकलवर कॉलेजचे छापील कागद घेऊन फिरतात. बारावी झालेलं कुणी आहे का हो घरात? यंदा माझ्या वाट्याला भामरागडच्या रस्त्यावरची गावं आली. हेमलकशाच्या अलीकडेच एका गावात संध्याकाळी पोचलो, तर घरं रिकामी. सगळं गाव फळीवर.

मी फळीवर गेलो. पुडे मोजणारा मुंशी कॉलेजचे कागद बघून हसला. "सर, तुमाले पोट्टे पायजे का पुडे? पुडे लय हायेत." मग मागे वळून ओरडला, "अवं वनिताबाई! तुही पोट्टी झाली ना बारावी?"

रांगेतले पुडे उलटणारी एक बाई उभी राहिली. केस कानाजवळ पांढरे. तिने पदराने तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडे आली.

"वळखलं काय सर?"

"ओळखलं."

"मंग? आता पोट्टी पायजे तुमाले?" ती हसत होती. हसण्यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. "घेऊन जा. तिचं डोकं बरं हाये, माह्यासारखं नाई. मले तं मेलं एक मशीन चालवता नाई आली."

माझ्या हातात ते कागद होते. मी म्हणालो, "वनिता, तुझं बरोबर होतं."

"काय बरोबर होतं?"

"त्या दिवशीचा प्रोग्रॅम. तुझी एकही चूक नव्हती. नव्या लॉगिनमध्ये ती जागा सांगायची ओळ नव्हती. मी टाकली नव्हती. मला माहीत होतं."

 पायाशी एक पुडा उलटा पडला होता, तो तिने वाकून सरळ केला.

"तेच तं मी इचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुमालेच इचारलं होतं."

"हो."

"सर, मी ते प्रोग्रॅम किती डाव मनात टाइप केलं, मालूम हाये? धानाचा रोवणा करतानी. भाकरी थापतानी. वरून खालपर्यंत एकेक ओळ. कुठी चुकलं, कुठी चुकलं. पोट्टी पोटात होती तवाबी. मले चूक सापडेच ना." तिचा आवाज चढला नव्हता. "आता अर्ध्या ओळी इसरली. नाई तं अजूनबी पाहात राह्यली असती."

मला काहीतरी म्हणायचं होतं. माफ कर, असं काहीतरी. तिने हाताने थांबवलं.

"मले नका सांगू. माह्या मायले सांगा. भावानं तिले लय बोललं माह्यापाई. तुनंच शिकवाचं म्हनलं म्हने, पाह्य आता. तो मरेपर्यंत तिले टोचत होता. आता माह्याकडंच राह्यते माय." तिने मोहाच्या झाडाकडे हात केला. "तिथी बसली हाये. कमी आयकू येते तिले. जोरानं बोला."

झाडाखाली म्हातारी पाय पसरून बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. तिने मला ओळखलं नाही. वनिता माझ्या मागे उभी राहिली.

"मावशी, मी कॉलेजचा सर. वनिताचा."

"आं?"

"वनिताचा सर! कॉलेजातला!" मी ओरडलो. जन्मात इतक्या मोठ्याने बोललो नसेन. "ती नापास झाली होती ना, तिची चूक नव्हती! तिचं बरोबर होतं! चूक माझी होती! मी खोटं बोललो! तुमच्याशीपण!"

मुंशीची मोजणी थांबली. बायका वळून बघायला लागल्या. कुणीतरी "काय झालं व?" म्हणून विचारलं, आणि दुसरीने "गप" म्हटलं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. ऐकलेलं आत पोचायला तिला वेळ लागत होता.

"म्हंजे माही पोट्टी पास होती?"

"हो मावशी! पास होती!"

तिने मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिली. वनिताकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग तिची नजर माझ्या हातातल्या छापील कागदांवर गेली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"मंग आणला काय जी तिच्या पासचा कागद? हाच काय?"

तिला ऐकू कमी येतं. 'नाही' हेही मला मोठ्यानेच म्हणावं लागलं.